नळ, गटार आणि लोकल : पैसा कोणाचा?

(शाखा सभेतील भाषणाचा सारांश)



वॉर्डात नवी जलवाहिनी पडली की पुढाऱ्यांच्या नावाचा फलक लागतो. त्यावर खर्चाचा आकडा असतो. पैसा कोणी भरला हे नसते. आज आपण तेच पाहणार आहोत.

शहराला पैशाच्या मुख्य वाटा चार : कर, पट्टी, सरकारी अनुदान आणि कर्ज. घरपट्टी, पाणीपट्टी आपण भरतोच. मुंबई महापालिकेचा मोठा आधार जकात होती. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि जकात संपली. बदल्यात राज्य सरकार भरपाई देते. नाक्यावर रोज जमणारा हक्काचा पैसा गेला, हप्त्याची वाट पाहणे आले.

आता कर्ज. अहमदाबाद महापालिकेने १९९८ मध्ये राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढले. तारण दिले जकातीचे उत्पन्न. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी उभे केले. नुसते व्याजच वर्षाला १५ कोटी १८ लाख होते. कर्ज काढणे वाईट नाही. नळ दोन पिढ्या टिकणार असेल तर त्याचा भार एकाच पिढीने का सोसावा? पण कर्ज म्हणजे देणगी नव्हे. फेड शेवटी आपल्याच पट्टीतून होते.

लोकलचेही तसेच. मुंबई रेल्वे विकास कॉर्पोरेशन १९९९ मध्ये स्थापन झाले. ५१ टक्के वाटा रेल्वे मंत्रालयाचा, ४९ टक्के महाराष्ट्र सरकारचा. पहिल्या टप्प्यासाठी जागतिक बँकेचे कर्ज घेतले आणि उपनगरी तिकिटावर अधिभार बसला. पासवाला कामगारही या प्रकल्पाचा धनी आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

आणि आपली वसाहत? "रेल्वेवाले, पोस्टवाले कर भरत नाहीत" असा टोमणा आपण ऐकतो. राज्यघटनेच्या कलम २८५ प्रमाणे केंद्राच्या मालमत्तेला स्थानिक कर माफ आहे, हे खरे. पण सेवा फुकट नाही. राजकोट महापालिकेच्या प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर सेवाशुल्काचे दर ठरले : सर्व सेवा घेतल्यास मालमत्ता कराच्या ७५ टक्के, काही घेतल्यास ५० टक्के, काहीच न घेतल्यास एक तृतीयांश.

तेव्हा वसाहतीतले गटार तुंबले, नळाला गढूळ पाणी आले, तर नुसती तक्रार करून थांबायचे नाही. प्रशासनाला लेखी विचारायचे : सेवाशुल्क भरले का? कोणत्या दराने? महापालिकेला विचारायचे : त्या पैशात आम्हांला कोणती सेवा मिळते? ही दोन पत्रे प्रत्येक शाखेने पाठवावीत.

आणखी एक गोष्ट. माणसाला धोकादायक रीतीने गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी कंत्राटी सफाई कामगार आजही त्यात मरतात. पाइपाला कोट्यवधी आणि माणसाला साधा मुखवटाही नाही, असा हिशेब आपल्याला मान्य नाही. योजनेच्या खर्चात यंत्रे आणि कायम कामगारांचा पगार धरला आहे का, हेही आपण विचारले पाहिजे.

पैसा आपला आहे. त्याचा हिशेब मागणे हे उपकार मागणे नव्हे, तो आपला हक्क आहे.