समुद्रकाठचे दोन दिवस
(वाकड येथील शिक्षक-मेळाव्यात केलेले भाषण)



मॉरिशसमध्ये मी काय पाहिले ते आपणांस सांगावे, अशी संयोजकांची इच्छा आहे. प्रवासवर्णनाची हातोटी माझ्यापाशी नाही आणि तेथील निळ्या पाण्याची वर्णने आपण पुष्कळ वाचली असतील. मी केवळ दोन दिवसांची हकीकत सांगणार आहे. ती सांगावयाची तर आधी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणे प्राप्त आहे.

आपण बसलो आहोत ते वाकड १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले. त्यापूर्वीचे मुळेकाठचे शेतकऱ्यांचे गाव आणि म्हातोबाच्या उत्सवातील गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आजचे वाकड ओळखू येणे कठीण. हिंजवडीस संगणक-कंपन्या आल्या आणि शेतांत उंच इमारती उभ्या राहिल्या. त्या बांधणाऱ्या मजुरांची बिऱ्हाडे इमारतींच्या पायथ्याशी, पत्र्याच्या खोल्यांत राहू लागली. त्यांची मुले आसपासच्या शाळांत येऊ लागली. मी तेव्हा जवळच्याच एका शाळेत दुसरीचा वर्ग शिकवीत होते.

त्या वर्गात कर्नाटकातून आलेल्या एका बंजारा कुटुंबातील मुलगी होती. एकदा मी चित्र दाखवून विचारले, "हे काय?" ती उभी राहून मोठ्या उत्साहाने म्हणाली, "बाटी." वर्ग हसला. मी म्हणाले, "चूक. भाकरी म्हण." तिने भाकरी म्हटले नाही. पुढे आईचे चित्र आले तेव्हा ती "याडी" एवढेच पुटपुटली, आणि मी पुन्हा दुरुस्ती केली. त्यानंतर ती वर्गात बोलेनाशी झाली. मी तिला 'मंद' समजले. इमारत पूर्ण झाली, बिऱ्हाड हलले, आणि मीही तिला विसरले. वर्गात फक्त मराठी बोलावयाचे हा माझा नियम होता आणि त्याचा मला अभिमानही होता.

सन २०१३ मध्ये माझ्या यजमानांना कंपनीच्या कामासाठी काही महिने मॉरिशसमधील एबेन येथे जावे लागले. मी बिनपगारी रजा काढून बरोबर गेले. त्या देशात प्राथमिक शाळांतून मराठी शिकविली जाते हे मला तेथे गेल्यावर कळले. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास १८३४ साली आरंभ झाला. त्यांचे पहिले जहाज 'अ‍ॅटलस' त्या वर्षी २ नोव्हेंबरला पोर्ट लुई बंदरात लागले. पुढे मुंबई बंदरातून आपल्याकडील माणसेही गेली. मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. कारकुनाने जे नाव टिपले तेच कित्येक घराण्यांचे आडनाव होऊन बसले. म्हणून तेथे सखाराम हे आडनाव असलेला गृहस्थ भेटतो. गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुटी असते आणि त्या दिवसांत कोकणातली जाखडी नाचली जाते. परंतु घरातील बोली मात्र क्रिओल आहे.

मराठीच्या शिक्षकपेशासाठी तयारी करणाऱ्या तरुण मंडळींच्या एका लहानशा सराव-वर्गात मी जाऊन बसू लागले. मी शिक्षिका असले तरी तेथे विद्यार्थिनीच होते. परक्या मुलाला मराठी कशी शिकवावी हे मला ठाऊक नव्हते आणि त्यांना मात्र रोज तेच करावयाचे होते. माझा परतण्याचा दिवस जवळ आला तेव्हा सर्वांनी ठरविले की, शनिवार-रविवार समुद्रावर काढावयाचे. तेथे निरोप देण्याची हीच रीत.

पश्चिम किनाऱ्यावरील फ्लिक-आं-फ्लाक येथे आम्ही उतरलो. किनाऱ्याने सुरूची झाडे आहेत. सुटीला कुटुंबेच्या कुटुंबे त्यांच्या सावलीत तंबू ठोकून राहतात. जेजुरीच्या यात्रेतील पालांची मला आठवण झाली. दूरवर प्रवाळाची रांग लाटा अडवून धरते, त्यामुळे काठाचे पाणी तळ्यासारखे शांत असते. दक्षिणेस ल मॉर्नचा कडा दिसतो. गुलामगिरीतून पळालेली माणसे त्या कड्यावर आश्रयाला राहत. क्रिओल ही बोली त्या गुलामांच्याच संसारातून घडली आहे.

रात्री शेकोटी पेटली. एका तरुणाने रावान नावाचे वाद्य आणले होते. लाकडी कड्यावर बकऱ्याचे कातडे ताणलेले असते. वाजविण्यापूर्वी त्याने ते विस्तवाशी धरून शेकले. आपल्याकडे हलगी शेकतात, अगदी तसेच. हे पाहून मला जे वाटले ते शब्दांत सांगता येणार नाही, म्हणून पुढे जाते.

गाणी झाल्यावर मंडळींनी थट्टेखातर उलटी शाळा मांडली. ते गुरुजी आणि मी विद्यार्थिनी. धडा क्रिओलमध्ये आणि उत्तरही क्रिओलमध्येच. गुरुजी झालेल्या तरुणाने पावाची लादी उचलून धरली. मी म्हणाले, "पाव." त्याने मान हलविली. सगळे हसले, मीही हसले. क्रिओलमध्ये त्याला 'दिपें' म्हणतात. त्याने मूठभर वाळू दाखविली. मी "वाळू" म्हणाले. पुन्हा मान हलली, पुन्हा हशा. मग त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. पाण्याला 'दिलो' म्हणतात हे मला चांगले ठाऊक होते. बाजारात मी तो शब्द नित्य ऐकत होते. तरी माझ्या तोंडून तो निघाला नाही. चाळिशी गाठलेली, पंधरा वर्षे वर्ग चालविलेली मी, माहीत असलेले उत्तर गिळून उभी राहिले. आणि त्या क्षणी माझ्यासमोर ती मुलगी उभी राहिली.

मी त्यांना तिची गोष्ट सांगितली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग गुरुजी झालेला तो तरुण म्हणाला, "ताई, आमचा मुलगा 'दिपें' म्हणाला तर मी आधी 'होय' म्हणतो. मग त्याच्या शब्दाशेजारी 'पाव' ठेवतो." २०१२ सालापासून तेथील शाळांत क्रिओलही ऐच्छिक विषय म्हणून शिकविली जाऊ लागली होती, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यात ताजा होता. सर्वांचे एकमत नव्हते हेही सांगितले पाहिजे. एक भगिनी चांगलीच चिडून म्हणाली, "मुलाच्या कानावर मराठी पडते ती माझ्या तासालाच. घरी नाही, रस्त्यावर नाही. त्यातही क्रिओल आणली तर माझ्या आजीची भाषा बुडेल." तिची आजी मराठी ओव्या म्हणत असे, आणि नातीला त्यांतील निम्म्या कळत नव्हत्या. तिचे म्हणणे चूक आहे असे मला आजही म्हणवत नाही. परंतु आपली गोष्ट निराळी आहे. त्यांच्याकडे मराठी पाहुणी आहे. येथे ती घरधनीण आहे, आणि पाहुण्याला आधी बसावयास सांगणे हे घरधनिणीचे काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या वाळूवर आम्ही काडीने शब्द लिहीत बसलो. एकेका वस्तूसमोर मराठी, क्रिओल आणि कोणाच्या घरी असेल तर भोजपुरी. समुद्राला 'लामेर' म्हणतात. फ्रेंच शब्दाच्या आधी येणारे उपपद क्रिओलने शब्दातच मुरवून टाकले आहे. कोणी म्हणाले, "ताई, त्या मुलीचे शब्द लिहा." मी 'बाटी' लिहिले, 'याडी' लिहिले, आणि काडी थांबली. सात महिने ती माझ्या वर्गात होती, आणि तिच्या भाषेतील दोनच शब्द मला येत होते. तेही मी चूक ठरविलेले.

दुपारी जेवणे झाली, निरोप झाले, पत्ते दिले-घेतले गेले. त्याविषयी विशेष सांगण्यासारखे नाही.

परत आल्यावर मी शाळेचे जुने हजेरीपत्रक काढले. तिच्या नावापुढे माझ्याच अक्षरात 'सतत गैरहजर, नाव कमी केले' अशी नोंद होती. कोठे गेली याचा उल्लेख नव्हता. मी विचारलेच नव्हते. हल्ली स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते आपण वेळेवर भरून मुलाच्या हाती द्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. शिक्षण शक्यतो मुलाच्या मातृभाषेतून व्हावे असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे. एका वर्गात पाच मातृभाषा असताना ते कसे साधावे याचे उत्तर कायदा देत नाही, आणि संपूर्ण उत्तर माझ्यापाशीही नाही. मी एवढेच केले की, फळ्याची उजवी बाजू मुलांच्या घरच्या शब्दांसाठी मोकळी सोडली आणि शंभर पानी एक वही घातली. पहिल्या दिवशी भाकरीसमोर 'बाटी' लिहिले. मागच्या ओळीतील एक मुलगा उठून उभा राहिला.

"बाई, तुम्हांला आमचं येतं?"

"दोनच शब्द येतात. पुढचे तू सांग," मी म्हणाले.

ती वही मी आज बरोबर आणली आहे. तीत गोरमाटी, कानडी, ओडिया आणि भोजपुरी शब्द आहेत. शुद्धलेखनाच्या चुका असतील त्या माझ्या. मधल्या सुटीत येथे मेजावर ठेवते. डोंगराकडच्या शाळांतून जे बंधुभगिनी आले आहेत त्यांनी ती जरूर पाहावी, कारण कातकरी मुलांच्या शब्दांसाठी राखलेली पाने अजून कोरी आहेत.