आई मिळवती झाली, पालक कधी होणार?
(महिला मेळाव्यातील भाषण)



दुर्गाबाई खोट्यांचा विषय निघाला की ‘चांगल्या घरातली नटी’ हे कौतुक हमखास ऐकू येतं. मला ते खटकतं. त्यांच्याआधी रंगमंचावर, पडद्यावर राबलेल्या बायका काय वाईट घरातल्या होत्या? आपण घराणं बाजूला ठेवू आणि बाईचं काम बघू.

दुर्गाबाईंचा जन्म १९०५ चा. वडील सॉलिसिटर, सासर श्रीमंत. पण सासरचं वैभव गेलं, पदरी दोन मुलगे. कमावणं भाग पडलं. शिकवण्या केल्या, १९३१ साली सिनेमात आल्या. पुढच्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त तारामती झाल्या. एकाच कंपनीला बांधून न घेता अनेक कंपन्यांत कामं केली. मुंबई मराठी साहित्य संघाची नाटकं गाजवली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९८३ साली फाळके पुरस्कार. ‘मुघल-ए-आझम’मधली त्यांची जोधाबाई सगळ्यांना आठवते.

मला आठवते ती १९३६ च्या ‘अमरज्योती’तली सौदामिनी. तिला स्वतःच्या मुलाचा ताबा नाकारला जातो, म्हणून ती समुद्रावर चाचेगिरी करत राज्याविरुद्ध बंड पुकारते. मुलांसाठी मिळवत्या झालेल्या बाईनं ही भूमिका केली, हे मला मोलाचं वाटतं.

या चित्रपटानंतर वीस वर्षांनी, १९५६ साली, हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आला. त्यात नैसर्गिक पालक म्हणजे बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई. पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईजवळ राहावं, असंही तोच कायदा म्हणतो. म्हणजे सांभाळ तिनं करायचा, सही त्यानं! १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ‘नंतर’चा अर्थ ‘गैरहजेरीत’ असा लावला. बाप हयात असून मुलाकडे बघत नसेल, तर आई पालक ठरू शकते. पण कायद्यातले शब्द तसेच आहेत. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आलं, अधिकाराचं काय?

केंद्रावर येणाऱ्या बाईला शाळेत, बँकेत ‘वडिलांना आणा’ असं सांगितलं जातं. अशा वेळी गटातल्या दोघींनी तिच्यासोबत जावं, नकार लेखी मागावा, १९९९ चा निकाल दाखवावा. आणि कायद्यातून ‘त्याच्यानंतर’ हे शब्द जावेत, आई-बाप बरोबरीचे पालक व्हावेत, ही मागणी प्रत्येक ठरावात घालू या.