हेत्वाभासाची पारख



कायद्याच्या शिक्षणक्रमास प्रवेश देताना उमेदवारास किती कलमे पाठ आहेत हे न विचारता, दुसऱ्याने मांडलेल्या युक्तिवादातील दोष त्याला हुडकून काढता येतो की नाही हे पाहण्याची जी पद्धत आज रूढ झाली आहे, तिच्याविषयी काही विचार आपल्यापुढे मांडावेत, या उद्देशाने मी येथे उभा आहे. अमेरिकेत १९४८ साली सुरू झालेल्या एलसॅट परीक्षेतून ऑगस्ट २०२४ पासून कोड्यांचा विभाग वगळण्यात आला आणि गुण धरल्या जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन विभाग युक्तिवादाच्या परीक्षणास दिले गेले. आपल्याकडील क्लॅट परीक्षाही २०२० पासून उताऱ्यांवर आधारलेली झाली, आणि तीत चुकीच्या प्रत्येक उत्तरामागे पाव गुण कापला जात असल्याने अंदाजाने ठोकून दिलेले उत्तर महागात पडते. या प्रश्नांपाशी पुष्कळ बुद्धिमान मुले अडखळतात. आणि त्याचे कारण, माझ्या मते, बुद्धीच्या उणिवेत नसून एका जुन्या सवयीत आहे. समोरच्याचे म्हणणे पटले की आपण त्याची कारणे तपासत नाही, आणि पटले नाही की त्याची कारणे ऐकूनही घेत नाही.

एक उदाहरण सावकाश पाहू. 'नगरपालिकेने बाजारपेठेत रात्रभर जळणारे नवे दिवे बसविले. त्यानंतरच्या वर्षात बाजारपेठेतील चोरीच्या फिर्यादी आदल्या वर्षाच्या दुप्पट नोंदल्या गेल्या. तेव्हा या दिव्यांमुळे चोऱ्या वाढल्या, हे उघड आहे.' या युक्तिवादातील दोष कोणता, असे विचारून चार पर्याय दिले आहेत असे समजा. पहिला म्हणतो, फिर्यादींची नोंद खरी असेल याची खात्री लेखकाने दिलेली नाही. दुसरा म्हणतो, एका बाजारपेठेच्या दाखल्यावरून लेखक सर्व शहरांविषयी सिद्धांत मांडतो. तिसरा म्हणतो, लेखक दोन निरनिराळ्या वर्षांच्या आकड्यांची तुलना करतो. चौथा म्हणतो, फिर्यादी वाढल्या म्हणजे चोऱ्याच वाढल्या, असे लेखक गृहीत धरतो.

दिव्यांमुळे चोऱ्या वाढतील ही कल्पनाच ज्याला हास्यास्पद वाटते, तो विद्यार्थी चिडून पहिल्या पर्यायावर खूण करतो; कारण त्याला लेखकाचा पराभव हवा असतो, आणि पुरावाच खोटा ठरविण्याइतका पूर्ण पराभव दुसरा नाही. परंतु या परीक्षेचा पहिला दंडक असा की, दिलेला पुरावा जसाच्या तसा मान्य करायचा आणि त्या पुराव्यापासून निष्कर्षापर्यंतची वाट तेवढी तपासायची. दुसरा पर्याय ज्या दोषाचे वर्णन करतो तो दोष खराच, पण या लेखकाने तो केलेलाच नाही. त्याने दुसऱ्या शहराचे नावही काढलेले नाही. तिसऱ्या पर्यायातील गोष्ट लेखकाने निःसंशय केली आहे, पण ती करण्यात दोष कसला? अनेक विद्यार्थी नेमके येथेच फसतात, कारण वाक्य वाचताच ते उताऱ्याशी जुळते आणि जुळल्याच्या समाधानात पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. म्हणून प्रत्येक पर्यायापुढे दोन प्रश्न, आणि तेही याच क्रमाने, ठेवावे लागतात: लेखकाने हे केले आहे काय? आणि केले असल्यास ते गैर आहे काय? चौथा पर्यायच या दोन्ही कसोट्यांना उतरतो. समजा, त्याच वर्षी पोलीसचौकी बाजारात आली आणि जे दुकानदार पूर्वी फिर्याद देण्याची यातायात टाळीत ते आता ती देऊ लागले, तर चोऱ्या कमी होऊनही फिर्यादी वाढतील. शिवाय चोऱ्या खरोखरच वाढल्या असे धरून चालले, तरी त्या दिव्यांनंतर वाढल्या एवढेच सिद्ध होते, दिव्यांमुळे वाढल्या हे होत नाही. एका छोट्या उताऱ्यात अशा दोन भेगा असतात. परीक्षक त्यांपैकी एकच पर्यायांत ठेवतो, आणि दुसरीच मनात धरून बसलेला विद्यार्थी गोंधळतो.

ही परीक्षा परदेशातून आली असली तरी तिच्यामागील विद्या आपल्याला परकी नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत हेत्वाभासांचे, म्हणजे खऱ्यासारख्या भासणाऱ्या सदोष हेतूंचे, पाच प्रकार सांगितले आहेत, आणि अन्नंभट्टाच्या ज्या तर्कसंग्रहाची आठल्ये-बोडसांनी सिद्ध केलेली आवृत्ती १८९७ साली मुंबई संस्कृत ग्रंथमालेत निघाली, त्या लहानशा ग्रंथात उपाधीचे विवेचन आहे. जेथे धूर तेथे अग्नी, हे खरे. पण म्हणून पर्वतावर अग्नी आहे तेव्हा तेथे धूर असलाच पाहिजे, असे अनुमान केले तर ते टिकत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धुरासाठी ओल्या इंधनाचा संयोग लागतो, आणि ती अट, म्हणजेच उपाधी, अनुमान करणाऱ्याने मुकाट्याने गाळलेली असते. आता प्रवेशपरीक्षेतील प्रश्न पाहा: 'सनद असल्याशिवाय कोणासही न्यायालयात वकिली करता येत नाही, या गृहस्थांपाशी सनद आहे, अर्थात ते वकिली करीत असले पाहिजेत.' हा तोच उलटा फिरविलेला संबंध होय. आवश्यक असलेल्या गोष्टीला पुरेशी समजण्याची ही चूक इतकी वारंवार विचारली जाते की, माझा सल्ला विचाराल तर विद्यार्थ्याने इतर प्रकारांआधी हीच पक्की करावी.

मात्र एका बाबतीत नैयायिकांचा मार्ग आणि या परीक्षेचा मार्ग वेगळे होतात. अग्नी हे द्रव्य आहे, म्हणून तो थंड आहे, असे कोणी म्हटल्यास नैयायिक त्याला बाधित हेतू म्हणतो, कारण हाताला चटका बसतो आणि प्रत्यक्षापुढे अनुमानाची मात्रा चालत नाही. नैयायिकाला सत्य हवे आहे. परीक्षकाला येथे केवळ वाटेची शहानिशा हवी आहे. निष्कर्ष जगात खरा आहे की खोटा, हा प्रश्न त्याच्या दफ्तरी दाखलच होत नाही. मला स्वतःला नैयायिकांची दृष्टी अधिक पूर्ण वाटते. तथापि अठरा वर्षांच्या मुलाने काही काळ आपली मते बाजूस ठेवून दुसऱ्याचा युक्तिवाद जसा आहे तसा वाचावा, ही शिस्तही मी मोलाची मानतो. शिकवणीवर्गांतून दोषांच्या नावांची यादी घोकून घेतात, तीमुळे ही शिस्त अंगी बाणत नाही. नाव आठवले की शोध संपला असे वाटते, आणि भेग नेमकी कोणत्या दोन वाक्यांच्या मध्ये आहे हे पाहायचे राहते. त्यापेक्षा पर्याय झाकून ठेवावेत आणि 'पुरावा सर्व मान्य, तरीही निष्कर्ष खोटा कसा असू शकेल?' याचे उत्तर स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहावे. पर्याय त्यानंतर वाचावेत.

ही शिस्त परीक्षेच्या दालनाबाहेर किती उपयोगी पडते, याचा एक दाखला प्रवेशांच्याच इतिहासात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पदव्युत्तर शाखांत १९७३ साली अर्ज करणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना. त्यावरून प्रवेश देणारे स्त्रियांविरुद्ध पक्षपात करतात, हा निष्कर्ष कोणालाही सहज सुचावा. बिकेल, हॅमेल आणि ओकॉनेल या तिघांनी १९७५ साली 'सायन्स' नियतकालिकात याची छाननी केली. प्रत्येक शाखेचा हिशेब निराळा मांडताच बहुतेक शाखांत स्त्रियांवर अन्याय झाल्याचे दिसेना. ज्या शाखांत प्रवेश मिळणे मुळातच कठीण, त्याच शाखांकडे स्त्रियांचे अर्ज अधिक गेले होते. आकडे खरे होते. समुच्चयावरून अवयवांविषयी काढलेले अनुमान तेवढे चुकीचे होते. पण येथे थांबून जो म्हणेल की, युक्तिवाद कोसळला, अर्थात स्त्रियांवर कोठेच अन्याय नव्हता, तो नव्या हेत्वाभासात पडतो. निष्कर्षाचा एक आधार मोडल्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही, तो केवळ निराधार राहतो. छाननी करणाऱ्या त्या तिघांनी हा दुसरा दोष होऊ दिला नाही. प्रवेशाच्या टप्प्यावरील आरोप सिद्ध होत नाही असे नोंदवून ते मागे गेले, आणि मुलींना लहानपणापासून मिळणारे वळण व शिक्षण त्यांना ठराविक शाखांकडेच लोटते, हे त्यांनी त्याच लेखात लिहिले.