नवा सांगाडा, जुने अवयव



गेल्या नाताळच्या सुटीत सौसर येथील माझ्या घरापुढे एक संत्र्यांची गाडी येऊन थांबली. गाडीत संत्री नव्हती. गवताच्या अंथरुणावर लोखंडी नळ्यांचा एक निळा सांगाडा होता, आणि शेजारच्या तीन पोत्यांत त्या सांगाड्याचे भावी अवयव होते. गाडीबरोबर माझा एक जुना विद्यार्थी आणि त्याचे वडील होते. पांढुर्ण्याकडे त्यांची बाग आहे. आंबिया बहाराचे पैसे नुकतेच हाती आले होते आणि त्यांतलेच काही या निळ्या नळ्यांत गेले होते, हे वडिलांच्या मुद्रेवरून मला न सांगता कळले.

मुलाने आधी एक जुनी चारचाकी शर्यतगाडी घेतली होती. मोटारसायकलसारखी मूठ, खाली चार फुगीर चाके, हिला हल्ली एटीव्ही म्हणतात. तिचा मूळ सांगाडा अपघातात वाकलेला होता आणि इंजिन गेलेले होते. म्हणून त्याने दुसऱ्या कारागिराकडून शर्यतीसाठी बनविलेला तयार सांगाडा आणला. त्यात जुन्या गाडीचा मागचा आस, चाके, ब्रेक आणि भंगारातील मोटारसायकलचे इंजिन बसवावयाचे होते. "सर, दोन दिवसांचे काम आहे," तो म्हणाला. "भोके चार मिलिमीटर इकडेतिकडे आहेत. कानस मारली की बसते." एका भोकावर त्याने कानस मारूनही झाली होती.

वडिलांनी मला बाजूला घेतले. "तुमीच सांगा गुरुजी, पोरगं याच्यावर बसलं तं जीवाले धोका नाही ना?"

मी शाळेत विज्ञान शिकवितो आणि सुटीत यंत्रे खोलतो. कसबी मिस्त्री मी नव्हे. परंतु कानस मारलेल्या भोकाविषयी मला बोलता येते. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या मोपेडचे इंजिन बसेना, तेव्हा मीही असेच एक भोक लांबट केले होते. गोल भोकातला बोल्ट सरकू म्हटले तरी सरकत नाही. लांबट भोकातला बोल्ट केवळ घट्टपणाच्या आधारावर उभा असतो. धक्क्यांनी तो सैल झाला, इंजिन मागे सरकले, साखळी उतरून मागच्या चाकात अडकली. माझे डावे मनगट आजही पुरते वळत नाही. ते मी वडिलांना दाखविले आणि म्हटले, "आज बसू देऊ नका. पुढचे महिन्याने सांगतो."

या कल्पनेत मुळात वावगे काही नाही. होंडा कंपनीने 1986 ते 1989 या काळात टीआरएक्स 250 आर या नावाची चारचाकी काढली. ती बंद झाली तरी अमेरिकेतील शर्यतखोरांनी तिला सोडले नाही. तिचेच इंजिन, आस आणि चाके सामावून घेणारे अधिक मजबूत सांगाडे इतर कारखानदार बनवू लागले. आपल्या राज्यात इंदूरजवळच्या पिथमपूरला 2007 साली अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची बाजा स्पर्धा सुरू झाली आणि हे वेड आमच्या गावांपर्यंत पोहोचले. तेथे मुले सांगाडा स्वतः बांधतात. अनेक वर्षे सर्व संघांना दहा अश्वशक्तीचे एकसारखे इंजिन मिळे, आणि पुष्कळ संघ त्याला तीनचाकी रिक्षाचा गिअरबॉक्स जोडीत. परंतु चार तासांच्या शर्यतीत उतरण्यापूर्वी परीक्षकांसमोर ब्रेक दाबून चारही चाके एकदम थांबवून दाखवावी लागतात. आमच्या मुलाला परीक्षक नव्हता.

(जाता जाता सांगतो, 2023 साली छिंदवाड्यातून आमचा पांढुर्णा जिल्हा निराळा झाला, तेव्हा नव्या सांगाड्यात जुनी दप्तरे बसविण्याचा खटाटोप आम्ही सर्वांनीच पाहिला आहे. तेथेही बराच काळ कानस चालू होती.)

आम्ही काम सुरू केले ते गवंड्याच्या साहित्याने. सांगाडा विटांवर ठेवला, पाण्याच्या नळीने पातळी पाहिली, ओळंबे सोडून पुढच्या-मागच्या बिंदूंच्या खुणा फरशीवर उतरविल्या आणि मधोमध दोरी ताणली. दोन्ही कर्ण मोजले, ते जुळले. म्हणजे सांगाडा सरळ होता. चार मिलिमीटरचा दोष त्याचा नव्हता. तो निराळ्या इंजिनासाठी बनलेला होता, एवढेच.

येथे बहुतेकांची एक चूक होते. इंजिन हा गाडीचा जीव, म्हणून ते आधी बसवितात आणि बाकीचे सारे त्याच्यामागून ओढीत नेतात. क्रम उलटा हवा. मागचा आस दोरीशी काटकोनात आणि मधोमध बसला की त्यावरील दातेरी चक्राची जागा ठरते. त्या चक्राला सरळ पट्टी लावावी. इंजिनाचे लहान चक्र त्याच पट्टीला टेकले पाहिजे. आमचे सहा मिलिमीटर आत होते. इंजिन भोकांत बसले असते आणि साखळी तिरकी धावली असती. मग सांगाड्यावरचे इंजिनाचे कान कापले, जाड पत्र्याचे नवे केले आणि प्रथम केवळ टाके घातले. पुरते वेल्डिंग सर्वांत शेवटी, कारण थंड होणारा जोड धातूला आपल्याकडे ओढतो आणि साधलेली रेषा हातची जाते. मुख्य नळीला भोक पाडण्यास मी साफ मनाई केली.

साखळीचा सैलपणा गाडी उभी असताना मोजून भागत नाही. मागचा दांडा वरखाली हलतो, आणि इंजिनाचे चक्र, दांड्याची खीळ व आस हे तिन्ही एका रेषेत आले की साखळी सर्वांत अधिक ताणते. त्या स्थितीत ती किंचित सैल राहिली पाहिजे. म्हणून शॉकअब्सॉर्बर काढून ठेवले आणि जॅकने चाक अगदी खालपासून अगदी वरपर्यंत नेले. हे काम कंटाळवाणे आहे. मुलगा दोनदा रागावून पांढुर्ण्याला निघून गेला, आणि दोनदा परत आला.

सर्वांत मोठा धोका मात्र इंजिनापाशी नव्हताच. नव्या सांगाड्याचे पुढचे हात जुन्यापेक्षा लांब होते. त्यामुळे मुठीपासून चाकांकडे जाणारे सळ्यांचे जोड आखूड पडत होते. मुलाने टोकांचे आटे उलगडून लांबी साधली होती. मी एक टोक पुरते उलगडून पाहिले, तर आत जेमतेम चार आटे धरलेले! दहा मिलिमीटर जाडीच्या सळईचे निदान पंधरा मिलिमीटर आटे आत असावे लागतात. चार आट्यांवर त्या मुलाची दिशा अवलंबून होती. त्याला ते दाखविले. तो काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून 'दोन दिवसांचे काम' हे शब्द मी पुन्हा ऐकले नाहीत.

नव्या सळ्या नागपुरात कातून आणल्या. त्यांची लांबी आणि तिरपेपणा हातांशी जुळला नाही, तर चाक खड्ड्यात गेले की मूठ न फिरविताही आपोआप वळते. तेही जॅकवर, चाकाला खडू बांधून तपासले. दुकानातले बिनआकड्याचे बोल्ट परत केले आणि डोक्यावर 8.8 असा आकडा असलेले घेतले. त्यांतील पहिला आठ दर चौरस मिलिमीटरला आठशे न्यूटनांची ताकद सांगतो.

ब्रेकने आम्हांला आठवडाभर छळले. कितीही तेल घातले तरी दांडी पिचपिचीत लागे. शेवटी मुलाच्याच ध्यानात आले: डावा आणि उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसले होते, त्यामुळे हवा काढावयाची चावी खाली राहिली होती. हवा तर वर असते. हे त्याने ओळखले, मी नाही, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

मार्च महिन्यात वडिलांचा फोन आला. मी गेलो. नोंदणीवाचून अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून पऱ्हाटी काढलेल्या त्यांच्याच वावरात ती उभी होती. मुलाच्या डोक्यावर हेल्मेट होते. वडील धुऱ्यावर उभे राहिले; त्यांनी मला पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि या वेळी मी होय म्हटले. मुलाने पहिल्या गिअरमध्ये एक फेरी घेतली, दुसऱ्या फेरीत थोडा वेग वाढविला, आणि आमच्यापाशी येऊन चारही चाके एकदम थांबविली.

"सर," हेल्मेट काढीत तो म्हणाला, "डावीकडे जराशी ओढते आहे."

मी गाडीतून दोरी आणि ओळंबे आणावयास गेलो.