जैसलमेरचे ज्ञानभांडार : वाळवंटाने राखलेला ठेवा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



राजस्थान म्हटले की वाळूच्या टेकड्या, उंटाची सवारी आणि पिवळ्या दगडांच्या हवेल्या डोळ्यांसमोर येतात. दरवर्षी लाखो प्रवासी तेथे जातात, छायाचित्रे काढतात आणि परततात. परंतु जैसलमेरच्या किल्ल्यातील जिनमंदिराच्या पायाखाली, एका तळघरात या प्रदेशाचा जो इतिहास विसावला आहे, त्याची ओळख फार थोड्यांना असते.

रावळ जैसल यांनी इ. स. ११५६ मध्ये हे नगर वसविले. सिंधकडे जाणारे उंटांचे तांडे येथून जात आणि त्या व्यापारावर नगर भरभराटीस आले. व्यापाऱ्यांनी धन मिळविले, मंदिरे उभारली आणि ग्रंथही लिहवून घेतले. शास्त्रदान हे श्रेष्ठ दान होय, ही भावना त्यामागे होती. खरतरगच्छाचे आचार्य श्रीजिनभद्रसूरी यांनी वि. सं. १४९७ मध्ये येथील संभवनाथ मंदिराची प्रतिष्ठा केली. त्याच मंदिराच्या तळघरात त्यांच्या नावाने ओळखले जाणारे ज्ञानभांडार आहे. जालोर, नागोर, पाटण आणि आपल्या देवगिरी येथेही त्यांनी भांडारे स्थापिली, असे परंपरा सांगते.

कोरडी हवा, दुर्गम वाट आणि भक्कम तट या तिन्हींनी ग्रंथांचे रक्षण केले. ओघनिर्युक्तीवरील द्रोणाचार्यांच्या वृत्तीची वि. सं. १११७ ची ताडपत्रीय प्रत येथे आहे. भांडाराची दारे केवळ जैन आगमांनाच खुली होती, असेही नाही. सन १८७४ मध्ये ब्यूलर व याकोबी हे जर्मन पंडित येथे आले, तेव्हा त्यांना काश्मिरी कवी बिल्हणाचे ‘विक्रमांकदेवचरित’ सापडले. कल्याणीच्या चालुक्य राजाचे हे चरित्र एका वैदिक परंपरेतील कवीने रचले आणि जैन श्रावकांनी ते जतन केले. आपल्या पूर्वजांच्या दृष्टीची ही व्यापकता विसरता येणार नाही.

आता मराठी माणसाच्या अंतःकरणाला भिडणारी गोष्ट. इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे, ऋषभदेवांच्या मंदिरात, उद्द्योतनसूरींनी ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पूर्ण केली. त्या कथेत बाजारपेठेचे एक वर्णन आहे. निरनिराळ्या देशांचे व्यापारी आपापल्या बोलीत सौदे करीत आहेत. त्यांत मरहट्टेही आहेत. अंगाने काटक, वर्णाने सावळे, सोशीक, पण मानी आणि भांडायला तयार! त्यांच्या तोंडी ‘दिले’, ‘घेतले’ अशा अर्थाचे शब्द आहेत. देण्याघेण्याचे हे शब्द पेठेत आजही दिवसभर कानी पडतात. मराठी बोलीच्या प्राचीन उल्लेखांत याची गणना होते, आणि तो उल्लेख महाराष्ट्रात नव्हे, मरुभूमीच्या सीमेवर एका जैन आचार्यांनी केला.

या ग्रंथाच्या दोनच जुन्या प्रतींचा मुख्य आधार होता. एक जैसलमेरची वि. सं. ११३९ ची ताडपत्रीय प्रत, दुसरी पुण्यातील कागदी प्रत. त्यांच्या आधारे कोल्हापूरच्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी सिद्ध केलेल्या आवृत्तीचा पहिला भाग १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. ती दोन बासने वाळवीने खाल्ली असती, तर आठव्या शतकातील ती पेठ कायमची मुकी झाली असती.

ग्रंथ आपोआप टिकत नाहीत. पूज्य मुनिश्री पुण्यविजयजी सन १९५० मध्ये जैसलमेरला आले आणि वर्षाहून अधिक काळ तेथे राहिले. विस्कटलेली, परस्परांत मिसळलेली पाने त्यांनी जुळविली, सूची केली, महत्त्वाच्या पोथ्यांची सूक्ष्मचित्रे घेवविली. त्यांची सूची त्यांच्या देहविलयानंतर, १९७२ मध्ये प्रकाशित झाली. पुढे मुनिश्री जंबूविजयजींनी हे कार्य चालविले. इ. स. २०१३ मध्ये हा किल्ला जागतिक वारसा ठरला. तथापि वस्तीचे सांडपाणी पायात मुरून त्याला धोका पोहोचला आहे. ज्या पाण्याच्या अभावाने ग्रंथ वाचविले, तेच पाणी आता चिंतेचे कारण व्हावे, हा दैवदुर्विलास होय.

बंधूंनो, ज्ञानपंचमीला आपण ग्रंथांना वासक्षेप करतो, हात जोडतो आणि कपाट पुन्हा बंद करतो. परंतु बासन सोडून पोथी वारा देणे, धूळ झाडणे, पाने मोजणे, यादी करणे हीसुद्धा पूजाच आहे. जुन्या घरांच्या माळ्यांवर, उपाश्रयांच्या कपाटांत कितीतरी पोथ्या पडून असतील. जुने घर पाडताना त्या रद्दीत जाऊ नयेत, त्या जाणकाराला दाखवाव्यात, एवढा संकल्प प्रत्येक कुटुंबाने केला तरी पुष्कळ झाले.

जैसलमेरला जाल तेव्हा सूर्यास्त अवश्य पाहा. पण त्याआधी संभवनाथांच्या मंदिरात क्षणभर थांबा. पायाखाली पूर्वजांचा शब्द आहे, आणि त्यात आपलाही आहे.

जय जिनेंद्र.