मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल

आज मी तुमच्याशी एका लोखंडी दांड्याविषयी बोलणार आहे. जाडी करंगळीएवढी, लांबी वीतभराहून थोडी जास्त. मोटरसायकलचं मागचं चाक याच दांड्यावर फिरतं. पुस्तकी भाषेत अ‍ॅक्सल, गॅरेजात एक्सल. बाहेरून दिसतो तो एका बाजूला त्याचा षटकोनी माथा आणि दुसऱ्या बाजूला नट. बाकी सगळा आत लपलेला. त्यामुळे त्याची आठवण कुणाला होत नाही. मलाही चार वर्षं झाली नव्हती.

मी रत्नागिरीचा. शाळा पावसच्या बाजूला, म्हणजे रोज भाट्याचा पूल ओलांडायचा. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आमच्याकडे खिडकीचे गज गंजतात, छत्रीच्या काड्या गंजतात, मग मोटरसायकल कशी सुटेल? पण दुरुस्ती घरी करायची मला हौस. २०१८ साली मी पडवीत बसून मागचे ब्रेकशू स्वतः बदलले. दांडा बाहेर काढला, फडक्यानं पुसला आणि तसाच कोरडा आत सारला. ग्रीसचा डबा कपाटावर होता. उतरवायचा कंटाळा केला. पुढच्या सगळ्या कथेचं मूळ त्या कंटाळ्यात आहे.

पुढे २०२० आणि २०२१चे दोन पावसाळे शाळा बंद. गाडी ताडपत्रीखाली उभी. शाळा सुरू झाल्या, गाडीही एका किकमध्ये सुरू झाली, आणि मी बायकोला अभिमानानं म्हणालो, "बघ, याला म्हणतात निगा."

फेब्रुवारी २०२२मध्ये गोळपजवळ मागचं चाक पंक्चर झालं. एरवी पंक्चरवाले चाक न काढताच टायरच्या एका कडेनं ट्यूब ओढून काढतात. पण या वेळी ट्यूब वॉल्व्हपाशीच फाटली होती. "काका, नवी घालावी लागेल, चाक काढतो," असं म्हणत त्या पोरानं नट सोडला आणि दांड्यावर हातोडा मारला. दांडा ढिम्म. त्यानं दहा-बारा घाव घातले, मग घाम पुसत माझ्याकडे पाहिलं. "काका, हा वेल्डिंग केल्यासारखा बसलाय. माझ्याकडून नाही निघायचा." शेवटी एक छोटा हत्ती बोलावून गाडी घरी आणली.

आता कुणी म्हणेल, चाक तर रोज फिरत होतं, मग अडकलं काय? गंमत तिथेच आहे. चाक फिरतं, अ‍ॅक्सल फिरत नाही. चाकाच्या हबमध्ये दोन बाजूंना दोन बेअरिंग असतात. त्यांची बाहेरची कडी हबबरोबर फिरते, आतली कडी दांड्याशी स्थिर राहते. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक पोकळ नळी असते, तीही स्थिर. म्हणजे दांडा, आतल्या कड्या आणि नळी ही सगळी मंडळी वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून उभी. मधल्या फटीत खारट ओल शिरली की गंज धरतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. फट भरून जाते. वरून चाक मस्त फिरत राहतं. मी दर महिन्याला चेन ताणताना नट ढिला करत होतो, दांडा खाचेत मागेपुढे सरकत होता, त्यामुळे सगळं ठीक आहे अशी माझी समजूत. सरकणं वेगळं आणि हबमधून बाहेर येणं वेगळं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

घरी आल्यावर मी एक तास जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो, कारण अनेकजण तेच करतात. मोठा हातोडा घेतला आणि दांड्याच्या आटे असलेल्या टोकावर सरळ हाणत सुटलो. टोक चेपून छत्रीसारखं पसरलं. आता विचार करा, दांडा बाहेर यायचा तर हेच टोक चिमट्याच्या भोकातून, मग दोन्ही बेअरिंगांतून जायला हवं. म्हणजे गंजानं अडवलेला दांडा मी स्वतःच्या हातानं आणखी अडवून ठेवला. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, निगा चाललीय का?"

रात्री शांत झाल्यावर डोकं चालायला लागलं. दोन्ही टोकांना गंज सोडवायचं तेल थेंब थेंब सोडलं आणि गाडीला हात न लावता झोपलो. सकाळी पुन्हा तेल, संध्याकाळी पुन्हा. बारीक फटीत तेल आपल्या चालीनं जातं, आपल्या घाईनं नाही. एक सावधगिरी मात्र हवी. हे तेल झिरपत ब्रेकच्या ड्रममध्ये गेलं तर शू तेलकट होतात आणि ब्रेक लागत नाही. म्हणून मी त्या बाजूला मोजकंच सोडलं, आणि नंतर शू बदललेच.

दुसऱ्या दिवशी किटलीभर उकळतं पाणी ब्रेकच्या प्लेटवर ओतलं. प्लेट अ‍ॅल्युमिनियमची, दांडा पोलादाचा. तेवढ्याच उष्णतेला अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड थोडी सैल होते. गॅसची ज्योत लावायचा मोह झाला होता. पण शेजारी टायर, वर पेट्रोलची टाकी, आजूबाजूला तेल सांडलेलं. पडवी जाळायची नव्हती.

मग मुख्य युक्ती. दांडा ठोकायचा नाही, आधी फिरवायचा. माथ्याला रिंग पाना लावला, पान्यावर पाइप चढवला आणि सोडवण्याच्या नव्हे, आवळण्याच्या दिशेनं किंचित दाब दिला. काही नाही. उलट दिशेनं. काही नाही. पुन्हा सुलट. असं अर्धा तास चाललं, आणि मग कर्रर्र असा आवाज होऊन पाना चार बोटं सरकला. तो आवाज ऐकून मला दहावीचा निकाल लागल्यासारखं झालं. पुढे तेल, थोडं इकडे, थोडं तिकडे, असं करत दांडा पूर्ण फिरायला लागला. मग पसरलेलं टोक कानशीनं घासून घासून बारीक केलं, त्यात एक संध्याकाळ गेली. चौथ्या दिवशी दांड्याहून बारीक सळई टोकावर धरून जड हातोड्याचे मोजके घाव घातले. चुळबूळ करणाऱ्या शंभर टकटकींपेक्षा जड हातोड्याचा एक नेमका घाव जास्त काम करतो. दांडा बाहेर आला. मधोमध तपकिरी, जागोजाग खड्डे पडलेले. बेअरिंगही बोटानं फिरवलं तर खरखरत होतं, कारण आडव्या घावांचा मार त्यानं खाल्ला होता.

इथे माझी खरी परीक्षा झाली. मी दांडा पॉलिश पेपरनं चकचकीत केला आणि आट्यांवर डाय मारून घ्यायला ओळखीच्या लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी काचेच्या तुकड्यावर दांडा ठेवून बोटानं लोटला. तो घरंगळताना मधे उजेडाची एक फट उघडत होती, मिटत होती. दांडा वाकला होता.

"सर, आटे पाडून देईन, दहा मिनिटांचं काम आहे. पण गाडी कोण चालवणार?"

"जूनपासून मुलगी. कॉलेजला नेईल म्हणते."

काकांनी डाय परत खणात ठेवला. "मग नाही पाडत."

मी म्हणालो, "अहो काका, जरासाच तर बाक आहे." ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामाला लागले. मी दांडा पिशवीत टाकून निघालो. वाटेत राग आला होता हे कबूल करतो. पूल ओलांडताना बाजूनं एक ट्रक गेला, आणि मागचं चाक या एकाच दांड्यावर असतं हा विचार पहिल्यांदा नीट मनात शिरला. नवा अ‍ॅक्सल आणि दोन बेअरिंग मिळून त्या छोट्या हत्तीच्या भाड्याहून कमी पैसे पडले.

बसवताना दांड्याला ग्रीसचा पातळ हात फिरवला, फार नाही, नाहीतर ते ब्रेककडे जातं. आट्यांवरचं पुसून घेतलं. चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, हे मुलीला मोजायला लावलं. तेव्हापासून दरवर्षी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, आम्ही दोघं तो दांडा एकदा पूर्ण बाहेर काढतो, पुसतो, ग्रीस लावतो आणि परत घालतो.

पहिल्या वर्षी नट तिनंच सोडला. दांडा दोन बोटांनी धरून ओढला, तो अलगद हातात आला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, यालाच तुम्हाला चार दिवस लागले?"