थकवा म्हणजे आळस नव्हे
(वजन घटविणे व व्यायाम या विषयावरील भाषण)



वजन कमी करण्याचा निश्चय आणि तो मोडल्याची खंत या गोष्टी आता केवळ शहरापुरत्या राहिलेल्या नाहीत. तालुक्याच्या कचेरीतील लिपिक, शाळेतील शिक्षिका, ग्रामपंचायतीचे सदस्य यांपैकी अनेकांनी असा निश्चय कधी ना कधी केलेला असतो. पहिल्या आठवड्यात रात्रीचे जेवण बंद होते आणि पहाटे फिरणे सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाय जड होतात, दम लागतो, दुपारी कामात लक्ष लागत नाही आणि पहाटे अंथरूण सोडवत नाही. घरची माणसे 'जमायचे नाही' असा निकाल देतात आणि ती व्यक्तीही स्वतःला आळशी ठरवून मोकळी होते. हा निकाल पुष्कळदा अन्यायाचा असतो. कारण थकवा हा स्वभावाचा दोष नसून शरीराने दिलेली सूचना असू शकते. ती सूचना वाचता आली, तर व्यायामही होतो आणि वजनही उतरते.

शरीराचे अंदाजपत्रक

एक किलो चरबीमध्ये सुमारे ७,७०० कॅलरी उष्मांक साठविलेले असतात. साधारण ६५ किलो वजनाची व्यक्ती अर्धा तास झपझप चालली, तर सव्वाशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. म्हणजे केवळ चालण्याने वजन झटपट उतरत नाही. हे लक्षात आले की माणूस उतावीळ होतो आणि ताटातील अन्नच निम्म्यावर आणतो. परंतु उत्पन्न एकाएकी घटले की ज्याप्रमाणे कोणतीही संस्था खर्चाला कात्री लावते, त्याचप्रमाणे शरीरही खर्च कमी करते. ही कात्री प्रथम हालचालींना लागते. माणूस नकळत कमी उठतो, कमी चालतो.

या बाबतीत अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. महायुद्धामुळे उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा सशक्त कसे करावे, हे शोधण्यासाठी अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. रोज सुमारे १,६०० कॅलरींचे अन्न आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणे असा त्यांचा क्रम होता. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. परंतु त्याबरोबर शक्ती गेली, थंडी वाजू लागली, चिडचिड वाढली आणि मनात दिवसभर अन्नाचाच विचार राहू लागला. हे तरुण मुळात स्थूल नव्हते. त्यामुळे त्यांचे निष्कर्ष स्थूल व्यक्तींना जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तथापि एक गोष्ट स्पष्ट झाली. निरोगी, निवडक तरुणांचाही उत्साह अर्धपोटी राहून टिकत नाही. मग घर, नोकरी आणि प्रवास सांभाळणाऱ्या व्यक्तीकडून तशी अपेक्षा का करावी?

रक्ताची कमतरता

आपल्याकडे याहूनही मोठे कारण आहे ते रक्तक्षयाचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के होते. त्याच सर्वेक्षणात देशातील २४ टक्के स्त्रिया प्रमाणाबाहेर वजनाच्या आढळल्या. हे दोन निराळे समाज आहेत अशी समजूत सर्वत्र असली, तरी ती खरी नाही. अंगाने भरलेली स्त्री रक्ताने गरीब असू शकते.

स्नायूंना प्राणवायू पोहोचविण्याचे काम रक्तातील हिमोग्लोबिन करते. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये ते १०० मिलिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा आणि पुरुषामध्ये १३ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर रक्तक्षय समजला जातो. अशा व्यक्तीला जिना चढतानाही धाप लागते. तिला इच्छाशक्तीचा उपदेश करून काय उपयोग? तिला प्रथम रक्ततपासणीची आणि मग वैद्यकीय सल्ल्याने उपचाराची गरज असते. थायरॉइड ग्रंथीचे मंद कार्य, मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मोठ्याने घोरणे व झोपेत श्वास अडखळणे, सततची अपुरी झोप हीदेखील थकव्याची नेहमीची कारणे होत. यांतील काही कारणे वजन वाढण्यासही हातभार लावतात. म्हणून व्यायामाच्या संकल्पापूर्वी एकदा तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते. चालताना छातीत दुखणे वा घेरी येणे अशी लक्षणे असल्यास तर विलंब करूच नये.

ताटात काय असावे

वजन आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरले तरी पुरे आहे. त्यासाठी उपाशी राहण्याची आवश्यकता नाही. साखर, तळलेले पदार्थ, बेकरीचा माल आणि वरचेवर होणारा गोड चहा यांत कपात करावी. भाकरी, डाळ, उसळ, भाजी आणि ताक यांत मात्र ती करू नये. प्रौढ व्यक्तीला प्रत्येक किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. मटकी, हरभरा, हुलगे, दूध, दही, अंडी, मासे यांपैकी जे परवडेल व रुचेल ते प्रत्येक जेवणात असावे. प्रथिने कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि चालण्याचे बळच नाहीसे होते.

जेवणाबरोबर चहा घेतल्यास अन्नातील लोह कमी प्रमाणात अंगी लागते. उलट लिंबू, आवळा, पेरू यांमुळे ते अधिक शोषले जाते. ताटावर लिंबाची फोड ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय होय. उपवासाबद्दलही विचार व्हावा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याच्या खिचडीने वजन उतरत नाही. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर वैद्यकीय सल्ल्याविना जेवण चुकवू नये, कारण त्यामुळे रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.

थोड्यापासून आरंभ

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. हा आकडा ऐकूनच थकलेला माणूस हात टेकतो. परंतु तीच संघटना असेही सांगते की थोडी हालचाल ही मुळीच नसण्यापेक्षा चांगली आणि प्रत्येक वेळी सलग दहा मिनिटे व्यायाम झालाच पाहिजे असेही नाही. आरंभी जेवणानंतर पाच मिनिटे चालावे. आठवड्याने त्यात दोन-तीन मिनिटांची भर घालावी. चालताना बोलता यावे, एवढाच वेग असावा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे हाही स्नायूंचा चांगला व्यायाम आहे. ज्या वेळी अंगात उत्साह असतो तीच व्यायामाची वेळ. पहाटच हवी असा दंडक नाही.

दैनंदिन हालचालीचे मोल थोडे नाही. लंडनमधील बस कर्मचाऱ्यांविषयी जेरी मॉरिस यांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसच्या पायऱ्या चढणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. वाहक व्यायामशाळेत जात नव्हते. त्यांच्या कामातच चालणे होते.

संस्थांची जबाबदारी

येथेच अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांचा संबंध येतो. कचेरीतील बैठकीत मध्यंतरी पाच मिनिटे उभे राहण्याची मुभा देता येते. चहाबरोबर बिस्किटांऐवजी फुटाणे वा शेंगदाणे ठेवता येतात. शिक्षकांना मुलांबरोबर मैदानावर उतरता येते. ग्रामपंचायतीला शाळेचे पटांगण सायंकाळी खुले ठेवता येईल, गावातील एखादा रस्ता दिव्यांनी उजळता येईल, जेणेकरून स्त्रियांना निर्धास्तपणे फिरता येईल. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने हिमोग्लोबिन, रक्तदाब व साखर यांच्या तपासणीचे शिबिर ठरविता येईल. त्या शिबिरास सदस्यांनी स्वतः प्रथम उपस्थित राहिल्यास इतरांचा संकोच दूर होईल.

घरातही एक बदल हवा. सर्वांची पाने उरकल्यावर उरलेसुरले खाणारी गृहिणी सायंकाळी फिरायला निघत नाही, तेव्हा तिला आळशी म्हणण्यापूर्वी तिच्या ताटात काय होते, ती किती तास झोपली आणि तिचे रक्त कधी तपासले गेले, हे तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. त्यांची उत्तरे मिळाली, म्हणजे पहिली पाच मिनिटे चालण्याचे बळ येण्याचा मार्ग मोकळा होईल.